गेमच्या यंत्राची पैसेवारी

परतूरला मोंढ्याच्या मागच्या गल्लीत, गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत बसून, मी जगाला सांगायचो की येत्या दिवाळीत व्हिडिओ गेमची किती यंत्रं विकली जातील. हसू नका, ह्याचा पगार मिळायचा. पुण्यातल्या एका कंपनीत मी आकडेतज्ज्ञ होतो. ही कंपनी यंत्रं बनवणाऱ्यांना आधीच सांगायची की एवढी बनवा, एवढी जहाजात भरा आणि त्यांच्याबरोबर एवढे गेम पाठवा. कन्सोल म्हणतात त्या यंत्राला. ते टीव्हीला जोडायचं, हातात रिमोटसारखं काहीतरी धरायचं आणि पडद्यावर गाड्या पळवायच्या नाहीतर माणसं मारायची. चार वर्षं मी त्याचं भविष्य सांगितलं आणि चार वर्षांत ते यंत्र एकदाही हातात धरलं नाही. ज्योतिषी तरी कुठं मंगळावर जाऊन येतो?

अंदाज काढायची रीत तशी साधीच आहे, तिला इंग्रजी नाव दिलं की ती महाग होते. मागचं यंत्र पहिल्या वर्षी किती खपलं, जुनं यंत्र अजून किती घरांत चालू आहे, सणात किंमत उतरणार का, आणि त्याच सुमाराला एखादा मोठा गेम येतोय का, एवढं बघायचं. यंत्र कुणी यंत्रासाठी घेत नाही, गेमसाठी घेतो. नुसती चूल विकत आणून तिच्याकडं बघत कोण बसतं? मंग एका यंत्रामागे किती गेम खपतील तेही काढायचं. हे सगळं रंगीत रेघांत मांडलं की तुला हे कसं कळलं असं कुणी विचारत नाही. मोठ्या गेमची तारीख ऐन वेळी पुढं ढकलली गेली की सगळ्या रेघा आडव्या होतात, तेव्हा 'ग्राहकांचा कल बदलला' असं लिहून मोकळं व्हायचं. गल्लीत मात्र मी आकडे काढतो म्हटलं की लोक आवाज खाली करून विचारायचे, "आज कोनता येनार?" हा मटक्याचा आकडा नव्हे हे त्यांना समजावून सांगायचं मी दुसऱ्याच महिन्यात सोडून दिलं.

आई गेली त्या वर्षी मी पुण्याहून घरी आलो तो राहिलोच. बाबा कृषी सहायक म्हणून रिटायर झालेले. सगळ्या तालुक्यातली शेतं त्यांना तोंडपाठ, पण कुकरला किती शिट्ट्या करायच्या ते आठवत नाही. डाळ जेवढी ताटात तेवढीच भिंतीवर. पुण्याला चला म्हटलं की म्हणायचे, "तुझ्या फ्लॅटात दिस कोन्त्या बाजूनं निघतो तेबी कळत न्हाई. तिथं येऊन मी काय करू?" पण मला राहा असंही त्यांनी कधी म्हटलं नाही. आमच्या घरात असलं बोलायची पद्धत नाही. 'जेवलास का' ह्या दोन शब्दांत काय बसेल तेवढं बसवायचं.

दोन वर्षं बरी गेली. मंग कंपनीला साक्षात्कार झाला की माणूस खुर्चीत बसलेला दिसल्याशिवाय काम होत नाही. सगळ्यांनी पुण्याला हजर व्हायचं ठरलं. मी आमच्या मॅडमना अडचण सांगितली. त्या पडद्यावरून म्हणाल्या, "हे बघ, यावर्षी खरी मजा छोट्या शहरांत आहे. क्लायंट फार उत्सुक आहे. तू तिथलाच आहेस, तर दिवाळीचा छोट्या शहरांचा अंदाज तूच दे. बरोबर आला तर तुला तिथेच ठेवायचं मी वर बोलते. चुकला, तर मग माझ्या हातात काही नाही." छोटी शहरं म्हणजे जिथं मॅडम कधीच उतरणार नव्हत्या अशी सगळी. एवढं मात्र खरं की माझं घरी राहणं आता त्या एका आकड्याला लटकलं होतं.

बाबांना सांगितलं. त्यांनी पेपराची घडी केली, मांडीवर ठेवली आणि विचारलं, "कंपनीला किती पायजे? कमी का जास्त?"

"जास्त आला तर मॅडम खूश होतील. माणूस हितंच ठेवा म्हणतील. पण आपल्याला खरा पायजे, बाबा."

"खरा तर पायजेच रे. पन किती?"

ह्यात बाबांची काही चूक नाही. तीस वर्षं त्यांचं हेच काम. आमच्याकडं पीक पैशात मोजतात. पूर्ण पिकलं तर रुपया, निम्मं पिकलं तर पन्नास पैसे, आणि ह्याला म्हणतात पैसेवारी. गावाची पैसेवारी पन्नासच्या आत आली तर दुष्काळ धरतात आणि सवलती मिळतात. पन्नासच्या वर गेली की गाव सुखी, मंग बसा बोंबलत. त्यामुळं बाबा पाहणीला शेतात उतरले की उभी कपाशीसुद्धा अंग चोरायची आणि शेतमालक तोंड पाडून म्हणायचा, "गेलं साहेब, सगळं गेलं." घरात कापूस आढ्याला टेकलेला असला तरी बाहेर 'गेलं'च. लहानपणी एकदा मी बाबांना विचारलं होतं, तुम्ही खोटं लिहिता का? बाबा जाम चिडले होते. "खोटं न्हाई लिव्हत मी. कोन्त्या बाजूनं बघायचं ते बघनाऱ्याच्या हातात अस्तंय. मी गावाच्या बाजूनं बघतो."

तर अंदाजासाठी परतूर, मंठा आणि आष्टी अशा तीन ठिकाणी घरोघरी फॉर्म भरायचे होते. घरात टीव्ही आहे का, खेळणारे किती, दिवाळीपर्यंत गेमचं यंत्र घेण्याची इच्छा आहे का, असले प्रश्न. पहिल्या दिवशी मी स्वतः निघालो. जीन्सची पँट, पाठीवर बॅग, गळ्यात कंपनीचा पट्टा. तिसऱ्याच दारात एका बाईनं विचारलं, "आमच्या घरात काय हाय आन् काय न्हाई ते तुला कशाला पायजे रे?" चौथ्या दारात कुत्रं होतं. दिवसभरात चार फॉर्म भरले, त्यातले तीन 'सांगता येत नाही'.

बाबांनी ते चार फॉर्म चाळले आणि म्हणाले, "दे इकडं. तुझं काम न्हाई ह्ये. तू तुझ्या मिटिंगा कर. पाहनीला जायची एक रीत अस्ती."

मंग त्यांनी ट्रंक उघडली. त्यातून नोकरीतली रेक्झिनची फाइल निघाली, लाल-निळ्या शाईचं पेन निघालं, टोपी निघाली. सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून ते एसटीनं मंठ्याला जायचे, दुसऱ्या दिवशी आष्टीला. चालही बदलली होती हो माणसाची! आई गेल्यापासून पाय ओढत चालणारे बाबा स्टँडकडं तरातरा निघालेले मी गच्चीवरून बघायचो, आणि मला बरं वाटायचं. म्हटलं, माझा आकडा येईल तेव्हा येईल, बाबांना काम तर मिळालं.

दोन आठवड्यांत टेबलावर फॉर्मचा गठ्ठा आला. होय. होय. होय. मंठ्यात होय, आष्टीत होय, परतुरात ज्या बाईनं मला हाकललं होतं तिचंही होय. किती घेणार, ह्यापुढं कुणी दोन लिहिलेलं, कुणी तीन. आणि फॉर्मच्या मागं टाचणीनं कागद लावलेले. आधार कार्डाची झेरॉक्स, पासबुकाचं पहिलं पान, पासपोर्ट फोटो, त्याच्या मागं नाव लिहून. आष्टीच्या एका बहाद्दरानं तर सातबारा जोडला होता. व्हिडिओ गेम खेळायला सातबारा? पडद्यावर ज्या रानातून गाडी न्यायची ते रान आधी तुमच्या नावावर पाहिजे की काय?

"बाबा, ही कागदं कशाची?"

"लोकायनी देली. नको कसं म्हनू?"

"तुम्ही त्यांना इचारलं काय?"

"फॉर्मात लिव्हलंय तेच. यंत्र घ्यायची इच्छा हाय का? हाय म्हनले."

मी शिकलेला माणूस. संख्याशास्त्राची पदवी आहे माझ्याकडं, भिंतीवर काचेत. सातबारा बघून मी तिथंच थांबायला पाहिजे होतं. थांबलो नाही, कारण तो गठ्ठा माझ्या सोयीचा होता. मोठा आकडा गेला की मॅडम खूश, क्लायंट खूश, आणि एवढी मागणी असलेल्या मुलखात कंपनीला एक माणूस ठेवावाच लागेल, असं माझं गणित. शास्त्राची लाज राखायला मी तो आकडा निम्मा केला. निम्माच का, पाव का नाही, ते विचारू नका. अहवालात त्याला 'सुधारित गुणक' असं नाव दिलं आणि पाठवून मोकळा झालो. मॅडमकडून टाळ्यांचं चित्र आलं. त्या दिवशी मी बाबांना जिलेबी आणली.

दिवाळी आली आणि गेली. भाऊबीज झाल्यावर दोन-चार दिवसांनी मंठ्याहून एक मावशी आमच्या दारात आल्या. हातात पिशवी, पिशवीत प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेली सगळी कागदपत्रं.

"साहेब हायत का? गेमच्या मशीनची यादी लागली का वो?"

"कसली यादी, मावशी?"

"आवं, साहेबायनी नाव नेल्तं की! पोरीच्या नावानं देल्तं म्या. शिलाई मशीनच्या टायमाला बी आमचं नाव कटलं. आता ह्याच्यात तरी बसवा."

मी त्यांना पाणी दिलं आणि विचारलं, "मावशी, त्या मशीनमध्ये काय असतं ते माहीत हाय का?"

"काय का असंना. भेटून राह्यलं तर सोडायचं कशाला?"

"पण ते फुकट मिळणार असं कुणी सांगितलं?"

मावशींनी माझ्याकडं अशी नजर टाकली, जणू विचारत होत्या, हा साहेबांचाच मुलगा ना? "साहेब सोता फायल घिऊन आल्ते. इकत घ्यायचं अस्तं तर साहेब कशाला आले अस्ते?"

बिलकुल बराबर. आमच्याकडं ओळखीचा सरकारी माणूस, टोपी घालून, फाइल उघडून, 'इच्छा आहे का' असं विचारतो तेव्हा ती योजनाच असते. दुसरं काही असूच शकत नाही. विहीर, ठिबक, शिलाई मशीन, शेळ्या, आणि आता गेमचं यंत्र. नाव द्यायचं, झेरॉक्स जोडायची आणि यादीची वाट बघायची. बाबा रिटायर झाले हे कुणाच्या डोक्यातही नव्हतं. तीन गावांतली ही सगळी लाभार्थ्यांची यादी मी ग्राहक म्हणून पुण्याला कळवली होती, आणि पुण्यानं ती पुढं जगाला.

त्याच दुपारी मॅडमचा फोन आला. दुकानदारांनी न विकलेली खोकी परत पाठवायला सुरुवात केली होती. "काय झालं हे? इतका कसा चुकलास? घरोघरी कोण गेलं होतं?"

"मीच गेलो होतो, मॅडम."

"बरं. सोमवारी ऑफिसला ये." आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर भांडता तरी आलं असतं.

खाली आलो तेव्हा बाबा अंगणात तूर निवडत बसले होते. मी म्हटलं, "सोमवारी जावं लागतंय."

त्यांचे हात थांबले नाहीत. "चुकला का आकडा?"

"बाबा, लोक योजना समजून राह्यलेत हे तुम्हाला कळत होतं ना?"

"कळत व्हतं."

"मंग सांगितलं का न्हाई?"

"जास्त आला तर तुला हितंच ठिवतील म्हनला व्हतास तू." सुपातला एक खडा त्यांनी बाजूला टाकला. "मी तुझ्या बाजूनं बघितलं."

मी काय बोललो ते आज लिहितानाही लाज वाटते. "तुमच्या असल्या अंदाजावर सरकार चालत असेल, माझी नोकरी चालत न्हाई! आयुष्यभर एक तरी अंदाज खरा काढला का तुम्ही?" असं तोंडावर बोललो. निम्मा मी केला होता, सातबारा मी बघितला होता, गुणकाचं बारसं मी केलं होतं, आणि शिव्या खाल्ल्या बाबांनी. त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याला पुसला, परत डोळ्यावर चढवला. म्हणाले, "जेवून घे." मी न जेवता चपला घातल्या आणि बाहेर पडलो.

स्टेशनच्या रस्त्याला टीव्ही, मिक्सर, पंख्यांचं एक दुकान आहे. मालक आमच्या जुन्या गल्लीतले, म्हणून लहानपणापासून मी त्यांना चाचा म्हणतो. माझ्या अंदाजाच्या कृपेनं त्यांच्याही दुकानात गेमची खोकी येऊन पडली होती. म्हटलं, आपलं पाप एकदा डोळ्यानं बघून घेऊ. गेलो तर खोकी दोरीनं बांधून दाराशी ठेवलेली, वर चाचांचा चहाचा कप.

"किती गेले, चाचा?"

"एक."

"सगळ्या दिवाळीत एक?"

"झूट कायको बोलूं, बेटा? एक. बाकी माल वापस चाललाय."

मला हसू आलं. एवढ्या रेघा, एवढे फॉर्म, एवढे सातबारे, आणि सगळ्या परतुरात एक. "कोण बहाद्दर निघाला तो?"

चाचा कप उचलून माझ्याकडं बघतच राहिले. "तेरेकू मालूम नहीं? तुझे वालिद."

"आमचे बाबा? कधी?"

"नाव तर कधीच लिहून गेल्ते. वो फार्म-बिर्म भरायला निघायच्या भी पहले. म्हणले, पहिला डब्बा येईल तो माझा. धनतेरसच्या दिवशी घेऊन गेले, गाड्यांचा गेम भी नेला." चाचांनी कप खाली ठेवला. "नाव लिहायच्या टायमाला मी बोललो, साहब, दो जने मिलके खेलो, मजा येतो. तर म्हणले, ते राहू द्या. एकट्या मानसाला खेळता येतं का, एवढं सांगा. मी बोललो, येतं ना. मंग म्हणले, लिहा नाव."

मला तिथं उभं राहवेना. चाचा चहा घे म्हणत होते, मी हात केला आणि निघालो. फॉर्म भरायच्या आधी. म्हणजे मी आकडा पाठवायच्या किती आधी ह्या माणसाला माहीत होतं की पोरगं जाणार. मंग फाइल घेऊन एसटीनं मंठ्याला कशाला गेला? आष्टीला उन्हातान्हात दारोदार कशाला फिरला? तर पोरगं जाणार हा स्वतःचाच अंदाज खोटा पडावा म्हणून. मी रस्त्यानं रडत घरी आलो, आणि परतुरात ओळखीची माणसं भेटल्याशिवाय रस्ता संपत नाही, तेव्हा सगळ्यांना डोळ्यात काहीतरी गेलं असं सांगत आलो.

घरी बाबा बाजेवर बसलेले. पुढं ट्रंकेतून काढलेलं खोकं उघडलेलं, वायरी ओळीनं मांडलेल्या, हातात माहितीचं पुस्तक. महत्त्वाच्या ओळींखाली लाल शाईनं रेघा ओढून झाल्या होत्या.

"ही वायर टीव्हीच्या कोन्त्या भोकात जाती रे? बघ बरं."

मी लावून दिली. ज्या यंत्राचं चार वर्षं भविष्य सांगितलं ते पहिल्यांदा हातात घेतलं. खोक्यात रिमोट दोन निघाले. एक बाबांनी धरला, दुसरा माझ्याकडं सरकवला. शर्यत सुरू झाली. बाबांची गाडी निघाल्या निघाल्या कुंपण तोडून शेतात घुसली आणि तिथंच थांबली. ब्रेक कुठं, गिअर कुठं, काही नाही. बाबा पुढं वाकून पडद्यावरचं रान बघत होते.

"गहू दिसतोय. पातळ हाय. पन्नासच्या आतच धरावा लागंल."

"बाबा, गाडी चालवा."

"चालवतो की. घाई काय हाय मला?" त्यांनी बटणं दाबून बघितली. गाडी गव्हातून गोल फिरली. "सोमवारी किती वाजता गाडी तुझी?"

"सकाळची."

"हं. डबा करून देतो. शिट्ट्या तीनच ना?"

"तीनच." मंग म्हटलं, "बाबा, मघाशी मी जे बोललो ना ते..."

"आरं, समोर बघ," बाबा म्हणाले. "तुझी गाडी उलटी चालली."

खरंच चालली होती. मला पडदा दिसतच नव्हता.